तळं वाळवलंस का?

बाल्कनीतल्या कुंडीत मेथी येते, पण तिघांच्या भाजीला पुरत नाही. एवढ्याशा कारणावरून मी चिबाच्या आतल्या भागात शेताचा एक तुकडा भाड्याने घेतला आणि त्या तुकड्यामुळे माशांच्या भानगडीत पडले. तेव्हा आम्हाला जपानात, टोकियोजवळच्या ग्योतोकुला येऊन सहा वर्षं झाली होती. नवरा तोयोसुच्या ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि मी आठवड्यातले तीन दिवस बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायचे. उरलेल्या दिवसांतला एक शेतासाठी. ट्रेन, मग बस, मग पंधरा मिनिटं चालत. पिशवीत खुरपं आणि डबा.

शेताची मालकीण सत्तरी ओलांडलेली विधवा होती. आजूबाजूचे सगळे त्यांना ओबासान म्हणत, म्हणजे आपल्याकडे काकू म्हणतात तसं. मीही तेच म्हणू लागले. त्या मला ओकुसान, म्हणजे वहिनी, म्हणायच्या. पहिल्या महिन्यात माझ्या वाफ्यापाशी उभं राहून त्यांनी मेथीकडे बराच वेळ पाहिलं.

“ओकुसान, तुम्ही हे गवत ओळीत का लावलंय?”

“ही भाजी आहे.”

“हो का,” त्या म्हणाल्या. विश्वास बसला नाही हे स्वच्छ दिसत होतं. पुढच्या आठवड्यात मी मेथीचे पराठे नेले. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही, उलट पाणी घालताना माझ्याही वाफ्याला घालू लागल्या.

वाफ्यांच्या पलीकडे एक पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागे दोन तळी. मोठं तळं कोरडं, त्यात माणसाएवढे बोरू वाढलेले. लहान तळ्यात मात्र हिरवट काळं पाणी होतं. शेडमध्ये घडीच्या खुर्च्यांची थप्पी, भिंतीला उलटा टेकवलेला एक बोर्ड आणि खिळ्याला अडकवलेला एक फोटो. फोटोत टोपी घातलेला माणूस दोन्ही हातांत एक जाडजूड चंदेरी मासा धरून उभा होता. माशाच्या अंगावर काळे आडवे पट्टे, मध्येच तुटलेले, जणू कोणी पट्टीने रेघ ओढताना हात हलला असावा.

“हा कुठला मासा?” मी विचारलं.

“अमेरिकेचा. दोन जातींचा संकर करून केलेला बास. आणि तो धरणारा माझा नवरा.” माशाची ओळख आधी झाली. “फार ओढायचा तो. टोकियोहून माणसं यायची, दिवसभर गळ टाकून बसायची, आणि धरलेला मासा परत पाण्यात सोडायची.”

“खायची नाहीत?”

“नाही.”

“मग धरायचा कशाला?”

“मीही हेच विचारायचे. ते म्हणायचे, तुला नाही कळायचं.”

हळूहळू सगळं कळलं. तो संकरित मासा तळ्यात स्वतःहून वाढत नाही. दर वसंतात बोटाएवढी पिल्लं विकत आणायची, टाकीतून उतरवून तळ्यात सोडायची, खाऊ घालून मोठी करायची, आणि पुढच्या वर्षी परत आणायची. नवरा ते सगळं आवडीने करायचा. मग कायदा आला. हा परदेशी मासा नदीत निसटला तर इथल्या माशांना खाऊन टाकेल, म्हणून तो पाळायलाच बंदी. त्यांनी मोठं तळं उपसलं, होते ते मासे संपवले आणि बोर्ड उतरवून भिंतीला उलटा टेकवला. तो पुढे कधी सुलटा झाला नाही. काही वर्षांनी ते गेले.

“तो मासा त्यांचा होता,” ओबासान म्हणाल्या. “ज्याला आपल्या तळ्यात पिल्लं होत नाहीत, तो मासा मला पाहुण्यासारखा वाटायचा. चांगला, पण पाहुणा.”

त्यांना स्वतःला हवा होता तो मोरोको. त्यांचं माहेर बिवा सरोवराच्या काठचं. मोरोको तिथला. बोटाएवढा, चंदेरी, काटे मऊ, डोक्यासकट खायचा. आता इकडच्या भागातले काही शेतकरी पडीक भातखाचरात पाणी भरून तो वाढवतात, असं त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. लहान तळं त्यासाठी पुरेसं होतं.

अडचण त्यांच्या मुलाची होती. मुलगा पन्नाशीचा, फुनाबोरीला राहणारा, कंपनीत मोठ्या जागेवर. आदल्या हिवाळ्यात ओबासान लहान तळ्याच्या काठावरून घसरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात बसून राहिल्या. पार्सलवाल्याने हाक ऐकली म्हणून निभावलं. तेव्हापासून मुलाने ठरवलं होतं की ट्रकभर माती आणून तळं बुजवायचं. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मार्चमध्ये, ऑफिसचे बूट घालून चिखलाच्या कडेला उभा असताना. मी वाफ्यात होते, सगळं ऐकू येत होतं.

“आई, रिकाम्या तळ्यापाशी तुझं काय काम आहे?”

“रिकामं नाही राहणार. मोरोको सोडणार आहे.”

“कोण सोडणार आहे? तुला येतं का ते?”

तो काही वाईट माणूस नव्हता. पाण्याकडे पाहून म्हणाला, “ठीक आहे. हे एक वर्ष. वर्ष संपायच्या आत यात मासे तरी पाहिजेत, नाहीतर माती. मासे नसतील तर नव्या वर्षात मी ट्रक बोलावणार आणि तू मला अडवायचं नाहीस.”

“बरं,” ओबासान म्हणाल्या.

तो गेल्यावर त्या माझ्या वाफ्यापाशी येऊन बसल्या. तळ्याच्या बाजूला त्यांनी पाठ केली होती.

“तुमच्या देशात मासे पाळतात का हो, ओकुसान?”

इथे मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण मी म्हणाले, “माझे वडील आयुष्यभर तेच करत होते. मला येतं.”

ते खोटं नव्हतं. माझे वडील धरणाखालच्या सरकारी मत्स्यबीज केंद्रात नोकरीला होते. आमचं क्वार्टर केंद्राच्या कुंपणाला लागून. रोहू, कटला, मृगळ यांची पिल्लं तिथे तयार करायची आणि शेतकऱ्यांना, सोसायट्यांना द्यायची. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांना जिरे म्हणतात, कारण ती जिऱ्यासारखीच दिसतात. बोटाएवढी झाली की बोटुकली. शाळेत बाई म्हणाल्या जिऱ्याचा वाक्यात उपयोग कर, तर मी लिहिलं होतं, आमच्या तळ्यात वीस लाख जिरे आहेत. बाईंनी लाल रेघ मारली. वडिलांनी वही पाहून सांगितलं, बाईंचं चुकलंय, तुझं बरोबर आहे.

त्या कामातलं मला जे करू दिलं जायचं ते लख्ख आठवत होतं. हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून पिल्लं आली की पिशवी लगेच फोडायची नाही, तशीच तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवायची. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की मग तोंड सोडायचं आणि पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्यायचं. त्या पिशव्या धरून बसायचं काम माझं. आणि त्याच्या आदल्या दिवशी साबण-तेल. तळ्यात पाठीवर पोहणारे किडे असतात, ते पिल्लं फस्त करतात. साबण किसून गरम पाण्यात विरघळवायचा, त्यात तेल ओतून घोटायचं आणि ते दुधासारखं पाणी तळ्यावर शिंपडायचं. पाण्यावर तेलाचा पातळ थर बसतो, किड्यांना श्वास घ्यायला वर येता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मरून वर आलेले असतात. साबण किसायचं काम माझं. केंद्रातला शिपाई म्हणायचा, “साहेबांची पोरगी आली, आता किड्यांचं काही खरं नाही.”

वडील आता भावाकडे पुण्याला असतात. मी त्यांना तळ्यावरूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचा चहा चालू होता.

“कोण आहे? अगं, ते काय काळं दिसतंय?”

“तळं आहे, बाबा. मासे सोडायचेत.”

कप खाली ठेवल्याचा आवाज आला. “किती गुंठे?”

“दोनेक असेल.”

“खोली?”

“मांडीएवढी. बाबा, सोडायच्या आदल्या दिवशी आपण साबण-तेल मारायचो ना? दोन गुंठ्याला किती घेऊ?”

त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. “लिटरभर तेल. साबण पाव किलोपेक्षा थोडा जास्त. वारा नसताना मार.”

मी जेवढं विचारलं तेवढ्याचंच त्यांनी उत्तर दिलं. सरकारी नोकरीची सवय.

मोरोकोची अंडी ओबासाननी सायतामाच्या एका शेतकऱ्याकडून मागवली. हिरव्या प्लॅस्टिकच्या झिपऱ्यांना वाळूच्या कणांसारखी चिकटलेली. शेडमागे एक जुना बाथटब पडला होता, त्यात विहिरीचं पाणी भरून आम्ही त्या झिपऱ्या ठेवल्या. आठवड्यात पिल्लं बाहेर आली. जिऱ्याएवढीसुद्धा नव्हती, दोन डोळे आणि मागे एक काचेची रेघ. ओबासान भिंग घेऊन टबाशेजारी स्टुलावर बसून असायच्या. मी माझ्या मेथीला पाणी घातलं की नाही याची चौकशी त्यांनी महिनाभर केली नाही.

साबण-तेलाच्या दिवशी मी चीज किसायच्या किसणीवर कपडे धुवायचा साबण किसला. माझ्या मुलीने घरी ती किसणी पाहून जपानीत काहीतरी म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. तळ्याचं बाहेर जाणारं तोंड वाळूच्या पिशव्यांनी बंद केलं आणि आम्ही दोघी झारीने ते पांढरं पाणी शिंपडत गेलो. तळ्यावर तेलाचे रंग चमकू लागले. शेजारच्या भातखाचराचा मालक आपला छोटा ट्रक थांबवून उतरला, पाण्याकडे पाहत दातांतून हवा आत ओढत राहिला. ती नापसंतीची खूण. ओबासान कमरेत वाकून वाकून माफी मागत होत्या. संध्याकाळी त्या मिठाईचा डबा घेऊन त्याच्या घरी जाऊन आल्या. इथे तशीच रीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाठीवर पोहणारे किडे मरून काठाला लागलेले होते. मी ते ओंजळीत घेऊन ओबासानना दाखवले. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेलाचा थर विरेपर्यंत एक दिवस थांबून आम्ही पिल्लं पिशव्यांतून नेली, पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंडं सोडली. ओबासान काठावर उकिडव्या बसून प्रत्येक पिशवीला काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं प्रार्थना असेल. विचारलं तर म्हणाल्या, “नाही, नीट जा म्हणतेय.”

पहिला आठवडा छान गेला. सकाळी काठाशी पिठासारखं खाद्य भुरभुरलं की पाण्यात धुरासारखा एक ढग जमायचा; तीच पिल्लं. मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. दुसऱ्या आठवड्यात ढग लहान झाला. मला वाटलं, खोल पाण्यात जात असतील. तिसऱ्या आठवड्यात ढग नव्हताच. ओबासान तरीही रोज ठरल्या वेळी खाद्य भुरभुरत होत्या, आणि ते पाण्यावर तसंच पडून ओलं होऊन बुडत होतं. त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सोपं गेलं असतं.

शेवटी मी गमबूट घालून आत उतरले आणि तळाचा चिखल चाळणीने काढून पांढऱ्या पातेल्यात टाकला. त्यात तपकिरी, सहा पायांचे, करंगळीच्या पेराएवढे किडे होते. एक, दोन, मग मी मोजणं सोडलं. त्यांच्यात तीन पिल्लं जिवंत होती. आमच्या डोळ्यांदेखत एका किड्याने खालचा जबडा हातासारखा बाहेर फेकला आणि एक पिल्लू आत ओढलं. मग दोन राहिली.

“यागो,” ओबासान म्हणाल्या. चतुराची अळी. हे त्यांना शाळेपासून माहीत होतं, इथली मुलं ती पकडून बाटलीत ठेवतात. “ओकुसान, ही तेलाने मरत नाही?”

मी फोनवर शोधलं. मरत नाही. ती श्वास घ्यायला वर येतच नाही, पाण्यातल्या पाण्यातच घेते. वर तेल असो की तूप, तिला फरक पडत नाही. उलट तिच्या वाट्याला येणारे बाकीचे किडे मी मारून टाकले होते आणि पिल्लं तिच्या एकटीसाठी सोडली होती.

“माझी चूक आहे,” मी म्हणाले.

ओबासाननी पातेलं उचललं, उरलेली दोन पिल्लं चमच्याने काढून टबात सोडली आणि म्हणाल्या, “माझ्या मुलाला एवढ्यात सांगू नका.”

घरी परतताना बसस्टॉपवरून मी वडिलांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि शेवटी विचारलं, “तळं वाळवलंस का?”

“म्हणजे?”

“उपसून वाळवलंस का, आधी?”

“नाही. पाणी होतंच त्यात.”

“जुन्याच पाण्यात सोडलीस?” ते खरोखर चकित झाले होते. “अगं मग साबण-तेल कशाला मारलंस?”

“तुम्ही सांगितलं नाहीत.”

“तू विचारलं नाहीस. मला काय माहीत तुला एवढंही ठाऊक नसेल. मे महिन्यात तळं उपसायचं, तळाला भेगा पडेपर्यंत वाळवायचं, चुना टाकायचा. मग नवं पाणी भरायचं आणि चार-पाच दिवसांत जिरे सोडायचे. चतुराला अंडी घालून ती मोठी व्हायला वेळच द्यायचा नाही. साबण-तेल शेवटी. ते आपलं वरवरचं काम.”

मी म्हणाले, “मी कधी वाळलेलं तळं पाहिलंच नाही.”

“तू कशी पाहशील,” ते म्हणाले. “तुम्ही मामाकडे.”

बस आली. मी ती जाऊ दिली. दर वर्षी परीक्षा संपली की आई आम्हाला दोघांना घेऊन मामाकडे जायची. आंबे, पत्ते, विहिरीत पोहणं. शाळा उघडायच्या दोन दिवस आधी परत यायचो तेव्हा तळ्यांत स्वच्छ पाणी असायचं आणि वडील काळेकुट्ट झालेले असायचे. आई म्हणायची, काय हो हे, उन्हात बसून राहता की काय. ते हसायचे आणि माझ्या हातात साबण आणि किसणी द्यायचे. मी चाळीस वर्षं समजत होते की मला मासे वाढवता येतात. मला येत होतं ते जूनपासून पुढचं. वडील मे महिन्यात काय करतात हे मी कधी विचारलंच नव्हतं.

पुढची बस वीस मिनिटांनी होती. तोपर्यंत मी सायतामाच्या शेतकऱ्याला फोन करून शेवटची अंडी कधीपर्यंत मिळतील ते विचारून घेतलं. जूनअखेर, तो म्हणाला. त्यानंतर या वर्षी नाहीत.

म्हणजे तीन आठवडे, आणि ते त्सुयुचे, इथल्या पावसाळ्याचे. तळं पंपाने उपसायला दोन दिवस लागले. उपसलं की वरून भुरभुर चालू. भेगा पडणं सोडा, चिखलावर सायही धरत नव्हती. मी वडिलांना चिखल दाखवला.

“ऊन नाही?”

“नाही.”

“मग चुना वाढव. सगळ्या तळाला, कडेच्या बिळांतसुद्धा. आणि एकदा पाणी भरून सोडून दे. दुसरं पाणी ठेव.”

चुन्याच्या गोण्या शेतीच्या दुकानात मिळाल्या. मी एकटी टाकणार होते, पण सकाळी पोहोचले तर ओबासान मास्क, गॉगल, गमबूट घालून चिखलात उभ्या. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या पर्सिमॉनच्या झाडाला.

“तुमच्या मुलाने पाण्याजवळ जायचं नाही म्हणून सांगितलंय ना?”

“यात पाणी कुठे आहे?” त्या म्हणाल्या आणि मागे मागे सरकत चुना टाकत राहिल्या. मी दोराची गाठ तपासली. माझ्यापेक्षा चांगली होती.

चुन्यानंतर आम्ही चिखल चाळून पाहिला. यागो होते, पण मेलेले. पाणी भरलं, सोडलं, परत भरलं. कोंबडीखत टाकलं. या वेळी तेल नाही. शेजाऱ्याला आणखी मिठाई द्यायची आमची तयारी नव्हती. शेवटच्या अंड्यांतली पिल्लं टबात तयार होती, त्यात पहिल्या खेपेची दोन, आता इतरांच्या दुप्पट झालेली. पाचव्या दिवशी वडिलांना फोनवर घेतलं. ओबासाननी फोनला कमरेतून वाकून नमस्कार केला. वडिलांनी हात जोडले आणि मला मराठीत म्हणाले, “त्यांना म्हणावं नमस्कार. आणि तुझं तोंड बाजूला कर, पाणी दाखव.”

मी कॅमेरा पाण्यावर धरला. ते बराच वेळ पाहत होते.

“रंग चांगला आलाय,” ते म्हणाले. “सोड.”

त्सुयुनंतरचा तो उन्हाळा मी बगळ्यांशी भांडण्यात घालवला. तळ्यावर गळाची दोरी आडवी-तिडवी ताणली, तरी एक बगळा रोज शेडच्या पत्र्यावर उभा राहून खाली बघायचा. ओबासान त्याला ‘काचो’ म्हणायच्या, म्हणजे ऑफिसातला साहेब, कारण काम न करता नुसता देखरेख करतो. ढग या वेळी लहान झाला नाही. ऑगस्टमध्ये तो ढग राहिला नाही, वेगवेगळे मासे दिसू लागले; खाद्य पडलं की पाणी उकळल्यासारखं व्हायचं.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी तळं उपसायचं ठरलं. मुलाला ओबासाननीच बोलावलं. या वेळी तो गमबूट घालून आला. पाणी उतरत गेलं तसे मासे एका कोपऱ्यातल्या खड्ड्याकडे सरकत गेले, आणि शेवटी खड्डाभर चंदेरी वळवळ राहिली. दोराने बांधलेल्या ओबासान हातजाळीने उपसत होत्या, मी बादल्या धरत होते. दोन बादल्या भरल्या, तिसरी अर्धी. सायतामाच्या शेतकऱ्याने एवढ्या तळ्यातून याच्या तिप्पट काढले असते, हे मला माहीत होतं आणि मुलालाही दिसत होतं. बरेचसे मासे बोटापेक्षा आखूडच होते. उशिरा सोडल्याचा परिणाम.

शेडपुढे कोळशाची शेगडी पेटवली. ओबासाननी मासे जाळीवर आडवे भाजले आणि दोन्ही बाजूंनी रंग आला की एकेक उचलून जाळीच्या फटीत डोकं खाली करून उभा केला, म्हणजे डोकंही कुरकुरीत होतं. त्यांच्या आईची पद्धत. जाळीवर माशांच्या शेपट्यांची रांग उभी राहिली. पहिला मासा मुलाला दिला. त्याने डोक्यापासून खाल्ला, सगळा. मग दुसरा हाताने घेतला.

“एवढेच निघाले?” तो म्हणाला.

“मासे नाहीतर माती, असं म्हणाला होतास. किती मासे ते म्हणाला नव्हतास.”

तो हसला नाही, पण तिसरा मासा घेतला. “आजी असेच भाजायची,” तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, “ओकुसान, पुढच्या वर्षी तुम्ही येणार आहात का? ही एकटी तळ्यावर नको.”

“माझी मेथी आहे इथे,” मी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात झाडाला नवा, जाड दोर होता, आणि शेडच्या खिळ्याला, नवऱ्याच्या फोटोशेजारी, नारिंगी लाइफ जॅकेट. ओबासान ते चिखलातही घालायच्या. मुलाचा हुकूम.

तळं चार वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षापासून आम्ही थोडे मासे टबात राखून ते एप्रिलमध्येच वाळवायचो, खऱ्या भेगा पडेपर्यंत, आणि एका एप्रिलमध्ये मी बाइतोतून रजा घेऊन सलग चार दिवस त्या कोरड्या तळ्यात उभी होते, कडेची बिळं बुजवत. संध्याकाळी घरी गेले तर मुलगी म्हणाली, “मम्मी, तू किती काळी झालीस.” मी हसले.

मोरोको काठच्या झिपऱ्यांवर आपणहून अंडी घालायला लागले. दर वर्षी विकत आणावी लागली नाहीत. ओबासान म्हणायच्या, बघा, हे घरचे.

चौथ्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. शेवटी तळं बुजवायचं त्यांनीच ठरवलं, मुलाने नव्हे. उलट तो म्हणत होता, अजून एक वर्ष बघू. त्या म्हणाल्या, नको, भरलेलं असताना सोडवत नाही, या वेळी रिकामं झालं की बुजवू. शेवटचे मासे सायतामाच्या शेतकऱ्याला अंडी घालण्यासाठी दिले. तळं उपसलं, या वेळी परत भरलं नाही, आणि वसंतात मातीचे दोन ट्रक आले. ट्रक रिकामे होत होते तेव्हा ओबासान घडीच्या खुर्चीवर बसून ड्रायव्हरला माती कुठे टाकायची ते हाताने दाखवत होत्या. आता त्या फुनाबोरीला मुलाच्या शेजारच्या इमारतीत राहतात. मी कधीमधी मेथी नेऊन देते. शेत मुलाने ठेवलंय, माझा तुकडा माझ्याकडेच आहे. तळ्याच्या जागी यंदा कांदा आहे.

वडील आता बरंच विसरतात. तळं बुजवल्याचं मी त्यांना दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा त्यांना वाईट वाटलं, म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं नाही. एप्रिल-मे आला की भावाच्या हातातून फोन घेतात.

“तळं वाळवलंस का?”

“वाळवलं, बाबा.”

“भेगा पडल्या?”

“पडल्या.”

“मग आता पाणी सोड,” ते म्हणतात, आणि फोन परत भावाला देतात.